काजळ्याचं लग्नासाठीचं चित्र

यंत्रं नुसत्या सांगण्यावरून चित्रं काढू लागली, त्या काळची गोष्ट. काजळ्या कावळ्याने स्थळाकडे पाठवायच्या चित्रासाठी यंत्राला सांगितलं, "अतिसुंदर, राजबिंडा कावळा काढ." चित्र गेलं. मुलीकडून निरोप आला, "आम्हाला मोर नको."

खजील काजळ्या फोटोग्राफर बगळेकाकांकडे गेला. काका म्हणाले, "अरे, स्वतःची स्तुती कसली करतोस? उजेड कुठून येतो, कॅमेरा किती जवळ आहे, मागे काय दिसतं, ते सांग."

मग काजळ्याने यंत्राला सांगितलं, "डावीकडून सकाळचं कोवळं ऊन, कॅमेरा अगदी जवळ, मागची फांदी धूसर. कावळा आखूड मानेचा, वाकड्या चोचीचा."

चित्र पाहून त्याला हसूच फुटलं. "हे ध्यान मीच!" तरी त्याने ते पाठवलं.

मुलीने कळवलं, "चोच वाकडी आहे, पण डोळ्यांत ऊन छान उतरलंय. भेटायला या."