नगराध्यक्षाची दहा फावडी

हॉलंडमधलं वेरडाइक गाव समुद्राच्या पातळीखाली वसलेलं. समुद्र अडवणारा बांध फुटला, की गाव संपलं. तिथे एकदा शत्रूचा सरदार तोफा घेऊन घुसला आणि त्याने चौकात दहा गावकरी बांधून उभे केले.

"आजपासून गाव माझं! जरब बसायला या दहांना फाशी!"

म्हातारा नगराध्यक्ष हार्मेन पुढे आला. दहांत त्याचा जावईही होता. त्याने दहा फावडी आणून सरदारापुढे ठेवली.

"हे काय?"

"हुजूर, इथे प्रत्येकाकडे राखायला बांधाचा एकेक तुकडा असतो. जो एखाद्याचा जीव घेईल, त्यानेच मेलेल्याचं फावडं उचलायचं, ही गावची रीत. तुमचे दहा शिपाई द्या. बांध कुठे खचतो, हे कळायला वीस वर्षं लागतात आणि उधाण आज दुपारी आहे."

तेवढ्यात बांधापलीकडून एक जहाज गेलं, सरदाराच्या डोक्यापेक्षाही उंचावरून.

सरदार पांढराफटक पडला. "सोडा यांना! घोड्यांवर जीन चढवा!"

फौज दिसेनाशी होताच हार्मेनने जावयाला फावडं दिलं.

"बांधावर पळा रे! उधाणाचं मी खरंच सांगत होतो."