संबुलने ओळखलेलं झाड

जपून, फांदीला काटे आहेत. झाड एवढंसं, पण फळं बघा: संत्र्याएवढी, आणि कवठासारखी टणक. कोकणात दुसरीकडे कुठे दिसायचं नाही. हे आफ्रिकेचं. गलबतं तोल राखायला तळाशी दगडमाती भरून आणायची आणि इथे खाडीकाठी ओतायची, त्यातून हे उगवलं, असं आमच्या खारवलीत सांगतात.

तेव्हा हे कोणालाच ओळखता येईना. पाटलाच्या नातीने हिरवं फळ फोडून बियांसकट चावून खाल्लं, आणि संध्याकाळपर्यंत पोर गेली. दुसऱ्या सकाळी पाटील कुऱ्हाड घेऊन आला.

किल्लेदाराच्या घरची हबशी दासी इथल्याच विहिरीचं पाणी न्यायची. लहानपणीच गलबतातून विकायला आणलेली. संबुल हे नाव मालकाने ठेवलेलं. ती हसायची नाही, रडायची नाही, मारलं तरी हूं की चूं नाही. त्या दिवशी म्हणे तिने घागर खाली ठेवली आणि कुऱ्हाडीच्या आड आली.

"हे माझ्या गावचं," ती म्हणाली. "पिवळं होऊन पडलं की खायचं. बी थुंकायची."

"माझी नात गेली गं," पाटील म्हणाला. "तू खाऊन दाखव."

तिने पडलेलं फळ दगडावर आपटलं, गर चोखला, बिया थुंकल्या. ती मरते का, हे बघत गावातले सगळे कोळी बसून राहिले. दिवस कलला तरी तिला काही झालं नाही. पाटलाने कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

"नाव काय या झाडाचं?"

तिने तोंड उघडलं, पण नाव येईना. चव ओळखीची होती, फोडायची रीत हाताला ठाऊक होती, आईने भरवलेलंही आठवत होतं. नाव तेवढं गेलं होतं.

"बरं, तुझं नाव? आईने ठेवलेलं?"

"तेही गेलं," ती म्हणाली, आणि घागर उचलून चालू लागली. डोळ्यांत टिपूस नाही. मला त्याचंच जास्त भय वाटतं.

पुढे पाटलाच्या घरी सून आली. ताटात तांदूळ पसरले होते, नवरा अंगठीने तिचं नवं नाव लिहायला वाकला. पाटलाने अंगठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि सुनेला दिली, असं सांगतात.

आजही खारवलीत सुनेचं नाव बदलत नाहीत. मी आले तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. सासूबाईंनी माझा हात धरला आणि तांदळात माझंच नाव माझ्याकडून गिरवून घेतलं. चांगुणा.