रिकामी करंजी

"तुम्हीच सांगा बाई, देवासाठी माणसानं आणखी किती जागा करायची?"

रिबका दारातूनच विचारत होती. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

तबीथाबाई चटईवर बसून करंज्यांच्या पाऱ्या लाटत होत्या. नाताळचा आदला दिवस. दुपार कलली होती. चर्चच्या मागे एका खोलीत बाई एकट्या राहत. पाय चालत होते तोवर त्यांनी खेडोपाडी हिंडून बायकांना देवाचं वचन सांगितलं. आता बायकाच अधूनमधून त्यांच्याकडे येत.

"सलाम नाही, काही नाही," बाई म्हणाल्या. "आधी आत ये आणि दार लोट. वाऱ्यानं पाऱ्या सुकतात."

रिबका आत आली. चटई लहान होती. ती चटईच्या मधोमध ताठ बसली.

मिशनच्या दवाखान्यात ती मेट्रन होती. निवृत्त झाली, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं; पण तिच्या साडीची घडी कधी मोडली नाही की आवाजातला हुकूम गेला नाही. नर्सिंग शिकायला आली तेव्हा तिला प्रार्थना करायला याच बाईंनी शिकवलं होतं.

"काय काय जागा केलीस?" बाईंनी विचारलं.

"सगळी केली. नाताळचा फराळ बंद केला. फराळ म्हटला की ताटं आली, ताटं म्हटली की माणसं आली. गाणारी मंडळी येतात, त्यांना फाटकातूनच सलाम करते. टीव्ही देऊन टाकला. ह्यांची खोली मोकळी केली. कॉट, कपाट, कपडे, काही ठेवलं नाही. आता तिथं एक मेणबत्ती असते फक्त. आजच्या दिवशी उपास धरते आणि दार लावून आत बसते."

"आणि?"

"आणि काय... बसते."

बाईंचं लाटणं चालू होतं.

"कुणी येत नाही, बाई." रिबकाचा आवाज एकदम खाली आला. "माझाच श्वास मला ऐकू येतो. मेणबत्ती संपते. मी उठते, पाणी पिते, झोपते. हे गेल्यापासून दर नाताळ असाच..."

बाईंनी पुढची लाटी पोळपाटावर घेतली.

"म्हणून सांगायला आले. उद्या मी उपासनेला यायची नाही. पुढेही नाही. त्याला माझ्याकडे यायचंच नसेल, तर मी तरी किती दिवस दार उघडं ठेवू?"

"दार लावून बसतेस म्हणालीस ना?"

"शब्दात धरू नका, बाई! मी थट्टा करायला आले नाही."

"मीही नाही." बाईंनी पारी ओल्या फडक्याखाली सरकवली. "लिदिया कशी आहे?"

रिबकाचा चेहरा ताठरला. लिदिया तिची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत.

"तिचं नाव काढू नका."

"काढलं खरं."

"ह्यांना माती देऊन आलो, त्या दिवशी भरल्या घरात बोलली ती. गावाला वाचवते म्हणे, आणि घरच्याला वाचवता आलं नाही." रिबका थांबली. "मी भांडले नाही. आजतागायत एक वाकडा शब्द बोलले नाही. तिला मनातून काढून टाकलं, बस्स. तीही जागा देवालाच दिली."

स्टोव्हवरच्या कढईत तेल तापलं होतं.

बाईंनी एक पारी उचलली. तशीच दुमडली, कडा दाबल्या, कातण फिरवलं आणि करंजी तेलात सोडली.

"बाई, सारण भरायचं राहिलं."

"असू दे."

करंजी टम्म फुगली. बाईंनी ती झाऱ्यानं उलटली, काढली, निथळली आणि बशीत घालून रिबकापुढे ठेवली.

"बघ, कशी देखणी झाली."

"माझा उपास आहे."

"मग खाऊ नकोस. मोडून बघ."

रिबकानं करंजी मोडली. आतून जराशी वाफ निघाली. हातात नुसते पापुद्रे राहिले.

"हिच्यात काहीच नाही," ती म्हणाली.

"जागा आहे की."

रिबका हातातल्या पापुद्र्यांकडे बघत राहिली.

"मग सारण कुठाय?" तिनं अखेर विचारलं.

"यायचंय. खोबरं दरवर्षी लिदियाच किसून, भाजून आणते. माझे हात आता किसणीवर चालत नाहीत. येईल एवढ्यात."

रिबका तटकन उठली. "निघते मी."

"नीघ. फक्त एवढ्या पाऱ्या लाटून दे. लाटायचं, भरायचं, तळायचं, सगळं एकीनं करायला गेलं की गोळा वाळून दगड होतो. तुला माहीत आहे."

रिबकाला माहीत होतं. ती पुन्हा बसली. तिनं पोळपाट ओढून घेतला आणि घाईघाईनं लाटायला लागली, गाडी पकडायची असल्यासारखी.

दार ढकललं गेलं. लिदिया आत आली ती बोलतच. पितळी डबा कमरेवर, धाप लागलेली.

"बाई, वेलदोडे नाहीत बरं का. मेला दुकानदार म्हणतो, उद्या या. अरे, उद्या नाताळ, उद्या काय तुझं डोंबलं..."

तिला रिबका दिसली. बोलणं तिथंच थांबलं.



"मी डबा ठेवून जाते," लिदिया जरा वेळानं म्हणाली. तिनं डबा दाराशी ठेवला. गेली मात्र नाही.

"जाऊबाई..." ती म्हणाली. "त्या दिवशी मी..."

पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली.

रिबकानं मान वर केली नाही. लाटणं हातात तसंच होतं. पारी केव्हाच पातळ होऊन फाटली होती.

लिदिया उभीच. खाली बसायला कुठं जागा नव्हती.

बाई कढईत बघत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"रिबका," त्या म्हणाल्या, "जरा सरक."

...

दुसऱ्या दिवशी सकाळी रिबका आयुष्यात पहिल्यांदा उपासनेला उशिरा पोहोचली. लिदियाचे गुडघे दुखतात. तिला भरभर चालवत नाही.