दवंडीवाला आणि पुलाचे पंत

फार जुन्या काळी नदीकाठी एक हसतंखेळतं नगर होतं. तिथे हैबती नावाचा दवंडीवाला राहत असे. राजवाड्यातली प्रत्येक बातमी तो हलगी वाजवत चौकाचौकांत सांगायचा आणि लोक हातातलं काम टाकून ऐकायला धावायचे.

कारण हैबती कारभाऱ्यांना गमतीदार नावं ठेवायचा. जाडजूड कोठारप्रमुख म्हणजे 'ढोलोबा'. बुटका कोतवाल म्हणजे 'अर्धा कोतवाल'. पुलांची देखभाल करणाऱ्या केसोपंतांचं नाक बाकदार होतं, म्हणून ते झाले 'पोपटपंत'. पोरं त्यांना भर रस्त्यात मिरची दाखवायची. हळूहळू पंत मागच्या गल्लीने जाऊ-येऊ लागले.

एका वर्षी देवीच्या जत्रेचा दिवस उजाडला. देऊळ नदीपलीकडे होतं. सकाळीच केसोपंतांना लाकडी पुलाचा मधला वासा कुजलेला दिसला. त्यांनी ताबडतोब पूल बंद केला.

हैबतीने सवयीने हलगी बडवली. "ऐका हो ऐका! पोपटपंतांनी पूल बंद केला हो!"

"मिरची मिळाली नसेल पोपटाला!" लोक खदखदून हसले आणि गाड्या जुंपून पुलाकडे निघाले.

केसोपंत पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभे होते. "वासा कुजलाय हो! हात जोडतो, थांबा!"

"मिठू मिठू!" गर्दीतून उत्तर आलं.

हैबतीही मजा बघायला आला होता. पण पंतांचा पांढराफटक चेहरा बघून तो दचकला. हा माणूस खरं बोलत होता. आणि सगळ्यांत पुढच्या बैलगाडीत हैबतीची बायको सगुणा तान्ह्या लेकीला घेऊन बसली होती!

"थांबा! पूल पडेल!" तो ओरडला. लोक आणखीच हसले.

"अहो, पुरे झाली तुमची थट्टा!" सगुणाही हसत म्हणाली.

हैबतीने हलगी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत पंतांना हात जोडले.

"केसोपंत, चुकलो. लोकहो, मी यांचं हसं केलं, म्हणून तुम्ही यांचं ऐकत नाही. आता माझं राहू द्या, यांचं ऐका!"

लोकांचं हसू थांबलं. गाडीवानाने कासरा खेचला. पण एक म्हैस कुणाचं न ऐकता पुलावर चालत गेली. कडाड्! वासा मोडला आणि म्हैस धपकन पाण्यात पडली. मग डोकं वर काढून, कान झटकत ती आरामात काठाला लागली. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"देवी पलीकडूनच बघेल," केसोपंत म्हणाले. "जत्रा इथेच भरवू!"

काठावरच दुकानं लागली, ढोल घुमले. सगुणाने जिलेबीचं पहिलं पान पंतांपुढे ठेवलं. हैबती आणि पंत शेजारी बसून जेवले.

पुढे नव्या पुलाचं काम रेंगाळलं. तेव्हा हैबतीने भर चौकात खणखणीत आवाजात विचारलं, "केसोपंत, पूल अजून अर्धाच का?" कुणीही हसलं नाही. सगळे उत्तराची वाट बघत उभे राहिले. पंतांना चौकात येऊन उत्तर द्यावं लागलं, आणि पुढच्या जत्रेला गाड्या नव्या पुलावरून गेल्या.

तात्पर्य : कारभाऱ्याला त्याच्या कामाचा जाब जरूर विचारावा, पण बातमी सांगताना त्याला टोपणनाव ठेवू नये, हशात खरी बातमी हरवते.