घारीची दुपार

परत येताना घारीला वाटले होते, आपल्या जंगलाची हवा पूर्वीसारखीच नितळ असेल. येऊन पाहते तो दरीच्या तोंडाशी माणसांच्या वीटभट्ट्या पेटलेल्या, आणि घरट्याघरट्यांत खोकला. मधली काही वर्षे घार दूरच्या एका उपग्रह केंद्राच्या छतावर राहिली होती. जमिनीवरून परतणारा उजेड किती मळला, यावरून उपग्रह वरून हवेतला धूर ओळखतो, हे ती तिथे शिकली होती. "मीही तसेच पाहीन," तिने सर्वांना सांगितले. "आता इथे कुणी अंदाजाने जगणार नाही!"

"आल्या बाई आभाळ शिकून!" साळुंकी म्हणाली. पण दरीच्या तळाशी राहणाऱ्या सशिणीला आशा वाटली. तिचे पिल्लू सारखे खोकत होते. "घारताई, इथेच राहू की याला घेऊन टेकडीवर जाऊ? वर आडोसा नाही, कोल्हा टपलेला असतो. तू सांगशील तसे करीन."

जमीन तापली की वर उठणाऱ्या हवेवर घारी उंच चढतात. म्हणून ती रोज वर जाई ती भर दुपारीच. खाली दरी लख्ख दिसे. "हवा चांगली आहे. निर्धास्त राहा," ती सांगे. सशीण राहिली. एका पहाटे पिल्लाचा खोकला थांबला, आणि श्वासही.

बातमी ऐकून घार पहिल्यांदाच पहाटेची दरीच्या तळाशी उतरली. बिळावर धूर गोधडीसारखा पसरला होता. तिचे डोळे चुरचुरले. जे ऊन तिला दुपारी वर नेई, तेच ऊन तोवर हा धूर उधळून लावत होते; म्हणून वरून तो तिला कधी दिसलाच नव्हता. तिला केंद्राच्या फाटकाजवळची पेटी आठवली. ती पेटी जमिनीलगतची हवा मोजी, आणि तिथली माणसे उपग्रहाचे म्हणणे तिच्याशी ताडून पाहत. घार मात्र त्या पेटीवर बसून पंख वाळवत असे.

"तू तर चांगली आहे म्हणाली होतीस," सशीण एवढेच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. घारीला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच घार पुन्हा बिळापाशी आली. "आजपासून मी आधी इथे बसेन," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर श्वास घेईन, तुम्हाला विचारेन. मगच वर जाईन."

सशिणीने तिला थोडी जागा करून दिली.

तात्पर्य : उंचावरून दिसलेले खरे असले तरी पुरते नसते; जे त्या हवेत जगतात, त्यांच्याजवळ बसल्याशिवाय हवा चांगली आहे असे कुणाला सांगू नये.