मोहोळाखालची शांतता

ज्यांनी या गोष्टीतल्या व्यवस्थेला ‘शांतता’ असे नाव दिले, त्यांनी मोहोळाखाली एक दुपारसुद्धा काढली नव्हती. दगड एकाच्या हातात, मरण दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि हे शहाणे दूर सावलीत बसून म्हणणार, "बघा, कसे सगळे शांत आहे!" मुलांनो, गोष्ट ऐका, म्हणजे हा राग कशाचा ते तुम्हांला कळेल.

एका अरुंद दरीत समोरासमोर दोन कडे होते. अलीकडच्या कड्याखाली लांडगे राहत आणि पलीकडच्या कड्याखाली रानकुत्रे. मध्ये पाणवठा एकच, त्यामुळे दोन्ही टोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चावाचावी चालत आलेली. दरवर्षी कार्तिक सरता सरता दोन्ही कड्यांच्या कपारींना आग्या माश्या येऊन लागत. सुपाएवढी काळी मोहोळे वर लोंबत राहत, आणि रानातली फुले संपली की माश्या आपल्या वाटेने निघून जात. त्यांच्याकडे कुणी मान वर करूनही पाहत नसे.

एके वर्षी दरीच्या तोंडाशी एक तरणाबांड गवा खाज सुटली म्हणून एका झाडाला अंग घासू लागला. झाडावर आग्या मोहोळ होते. एक माशी चावली, तिच्या वासावर शंभर आल्या, शंभरांच्या वासावर हजार. गवा पाण्यात शिरला, तर त्या पाण्यावर घिरट्या घालत थांबल्या. वाघाला न भिणारा तो गवा दोन्ही टोळ्यांच्या डोळ्यांदेखत तडफडून मेला.

लांडग्यांच्या म्होरक्याचा सल्लागार एक कोल्हा होता. तो त्याच संध्याकाळी म्हणाला, "महाराज, उगाच दात कशाला झिजवता? समोरच्या मोहोळावर एक दगड रोखून ठेवा. कुत्रे पुन्हा गुरगुरणारसुद्धा नाहीत." म्होरक्याला ते पटले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो रानकुत्र्यांनीही लांडग्यांच्या मोहोळावर दगड रोखलेला! सल्ले देणारे कोल्हे दोन्हीकडे असतातच.

दगड फेकायला हात लागतात, म्हणून लांडग्यांनी एका वानरीला धरून आणले. तिचे तान्हे पिल्लू तिच्या पोटाला बिलगलेले होते.

"ए माकडे," म्होरक्या म्हणाला, "या कड्याच्या माथ्यावर बसायचं. हे तीन दगड. तू जागा सोडली नाहीस, तर तुझ्या टोळीला आम्ही दात लावणार नाही."

"माकड नाही, वानर," ती पुटपुटली.

"काय असशील ती अस! आता नीट ऐक. कड्याच्या फुगवट्यामुळे तुला आपलं मोहोळ वरून दिसणार नाही. खाली साळुंकी पहाऱ्यावर असेल. ‘माश्या उठल्या’ असं ती ओरडली, की समोरच्यांनी दगड मारला असं समजायचं आणि आपला दगड त्यांच्या मोहोळावर टाकायचा. विचार करायचा नाही. आणि समोरच्या वानराशी एक शब्द बोलायचा नाही. बोललीस, तर तू फितूर. मग तुझ्या टोळीचं काय होईल, ते तू जाणतेस."

समोरच्या माथ्यावर एक म्हातारा वानर बसवलेला होता. त्याच्याजवळही तीन दगड होते : एक वाटोळा, एक चपटा, एक पांढऱ्या शिरेचा. त्यालाही हाच हुकूम होता. दरी इतकी चिंचोळी, की वानरीला त्याच्या भुवयांचे पांढरे केस दिसत. तो कोणत्या हाताने पाठ खाजवतो हेही तिला पाठ झाले. पण सहा महिने दोघे एकमेकांकडे नुसते पाहत राहिले.

आणि खरेच, त्या सहा महिन्यांत चावाचावी झाली नाही. कोल्हा छाती फुगवून हिंडे. "पाहिलंत? एक ओरखडा नाही!" पण लांडगिणी पिल्लांना गुहेबाहेर खेळू देईनात. रानकुत्र्यांचे म्हातारे दिवसभर धापा टाकत आत पडून राहत. पाणवठ्यावर कुणी पाण्याकडे पाहत नसे, जो तो पिताना वर पाही. गाढ झोप दरीतल्या कुणालाच माहीत राहिली नव्हती. याला शांतता म्हणायचे, तर सापळ्यातल्या उंदरालाही निवांत म्हणावे लागेल!

वैशाखातल्या एका सकाळी खालून साळुंकीची किंकाळी आली.

"उठल्या! माश्या उठल्या! सगळं मोहोळ उठलं!"

पाठोपाठ म्होरक्याची आरोळी आली. "टाक दगड! टाक, टाक!"

वानरीने दगड उचलला. पिल्लाने तिच्या पोटाची कातडी घट्ट धरली. समोरच्यांनी खरेच दगड मारला असेल आणि आपण टाकला नाही, तर लांडगे आपली टोळी फाडून खातील, हे तिला ठाऊक होते. आणि त्यांनी मारला नसेल आणि आपण टाकला, तर? माश्या काही दरीच्या तळाशी थांबणार नव्हत्या. टोळी मागच्याच झाडावर होती. आणि पोटाला हे तान्हे होते.

तिने समोर पाहिले. म्हाताऱ्या वानराच्या तोंडात उंबर होते, दोन्ही गाल फुगलेले होते. दगड मारणारा असे उंबर चघळत बसेल? तेवढ्यात त्याने तिच्या हातातला दगड पाहिला. उंबर थुंकून त्यानेही पांढऱ्या शिरेचा दगड उचलला. दोन कडे, दोन उचललेले हात, आणि मध्ये सगळी दरी श्वास रोखून.

वानरीने हुकूम मोडला.

"आजोबा! तुम्ही दगड मारलात का हो?"

"फितूर! फितूर!" खालून कोल्हा किंचाळला.

म्हाताऱ्यालाही बोलायची बंदी होती. तरी तो ओरडला, "आधी हातातला खाली ठेव, मग विचार!"

"तुम्ही ठेवा आधी!"

"अगं, मी म्हातारा. माझा हात लवकर भरून येईल. मग दगड निसटला तर मला बोल लावू नकोस!"

"तुमच्याकडे दगड किती आहेत?"

"तीन होते, तीन आहेत! सहा महिने टक लावून बघतेस, अजून कळलं नाही?"

वानरीने पाहिले. वाटोळा त्याच्या पायाशी होता. चपटा शेजारी होता. पांढऱ्या शिरेचा हातात. तीनच्या तीन!

"मग आमच्या माश्या का उठल्या?" तिचा आवाज आता रडवेला झाला होता.

म्हाताऱ्याला तिच्या बाजूचे मोहोळ स्पष्ट दिसत होते. त्याने डोळे बारीक केले, आणि एकाएकी त्याचा उचललेला हात खाली आला.

"अगं पोरी, त्या उठल्या नाहीत, निघाल्यात! वैशाख चाललाय. रानात फूल उरलंय का कुठे? दरवर्षी जात नाहीत का त्या? वर बघ, वर!"

वानरीने वर पाहिले. कड्याच्या पोटाखालून माश्यांचा एक काळा पट्टा वर चढत होता आणि वळण घेऊन डोंगरापलीकडे चालला होता. एकही माशी खाली वळत नव्हती. चिडलेली माशी अशी ओळीने जात नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होते. लांडग्यांना माहीत होते. साळुंकीलाही माहीत होते. पण सहा महिने मोहोळाला हत्यार म्हणता म्हणता, त्या माश्या आहेत आणि त्यांचाही काही संसार आहे, हेच सगळे विसरून गेले होते.

तिने दगड खाली ठेवला. पलीकडे म्हाताऱ्यानेही ठेवला. मग दोघेही आपापल्या जागी मटकन बसले.

तोवर म्होरक्या आणि कोल्हा धापा टाकत माथ्यावर पोचले.

"हुकूम मोडलास!" म्होरक्या गरजला.

"मोडला," वानरी म्हणाली. "खाली जाऊन मेलेले मोजा. एक तरी सापडला, तर मला फाडून खा."

कोल्ह्याने वर येतानाच आपल्या मोहोळाची जागा पाहून घेतली होती. तिथे नुसते रिकामे पोळे लटकत होते. त्याचे डोळे चमकले. "महाराज, अशी संधी पुन्हा नाही! आपल्या डोक्यावर आता काही नाही, त्यांच्या डोक्यावर आहे. आता टाकाच दगड!"

वानरीने तिन्ही दगड मागे ओढले आणि त्यांच्यावर बसली. "टाका की. फक्त माश्यांना आधी सांगून ठेवा, यातला लांडगा कोणता आणि कुत्रा कोणता."

म्होरक्याने कड्यावरून खाली पाहिले. रिकाम्या पोळ्याचा एक तुकडा पाणवठ्याशी पडला होता. लांडग्यांची चार पिल्ले गुहेतून बाहेर येऊन तो तुकडा ओढत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती उन्हात आली होती. पाण्याच्या दुसऱ्या काठावर रानकुत्र्यांची दोन पिल्ले मान लांबवून तोच वास घेत होती. पिल्लांच्या आया दोन्हीकडून धावत आल्या, काठावर थबकल्या, आणि कुणाला काही झाले नाही असे पाहून तिथेच अंग टाकून बसल्या. म्होरक्याच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला. त्याच्या मानेवरचे उभे केस हळूहळू खाली बसले.

"कोल्होबा," तो म्हणाला, "तू राहतोस तरी कुठे रे?"

"मी? मी टेकडीपलीकडे, महाराज."

"असं होय! कार्तिकानंतर माश्या परत येतील. तेव्हा तू बरोबर मोहोळाखाली राहायला ये. मग काय सल्ला द्यायचा तो दे."

कोल्हा त्याच पावली टेकडीपलीकडे गेला, तो पुन्हा दिसला नाही.

चार दिवसांनी पलीकडच्या माश्याही निघून गेल्या. दोन्ही म्होरके पाणवठ्यावर आले. त्यांची मैत्री वगैरे काही झाली नाही. एकमेकांवर गुरगुरतच त्यांनी ठरवले, की लांडग्यांनी सकाळी पाणी प्यावे आणि रानकुत्र्यांनी संध्याकाळी. वानरीच्या टोळीला कुणी दात लावायचा नाही. माथ्यावरचे पहारे राहतील, पण दगडांशिवाय. रोज उजाडताच वानरीने हाक मारायची, "आजोबा, सगळं ठीक?" आणि म्हाताऱ्याने ओ द्यायची.

मग सगळ्यांच्या देखत दगड खाली ढकलले गेले. एक इकडून, एक तिकडून, असे सहा. प्रत्येक दगड पाण्यात पडला, की दोन्ही काठांवरून "हुश्श!" असा आवाज उठे. त्या दुपारी सगळी दरी घोरत पडली, आणि वानरीचे पिल्लू पहिल्यांदाच आईचे पोट सोडून दोन उड्या मारून आले.

तात्पर्य : एकमेकांवर रोखलेल्या दगडांना शांतता म्हणू नये, तो केवळ टळत राहिलेला अनर्थ असतो. खरी शांतता सुरू होते ती समोरच्याला विचारण्यापासून, आणि टिकते ती दोघांनी मिळून दगड खाली टाकल्याने. किंवा, सहावा दगड बिळाशेजारी आदळल्यावर पाणवठ्यातला खेकडा चिडून डोके बाहेर काढत म्हणाला तसे : "एवढंच विचारायचं होतं, तर सहा महिने दगड कशाला धरून बसला होतात?"