राहीच्या दारचं विरजण

एका राज्यात देव दह्याच्या मडक्यात राहत असे. हसू नका, ज्यांचा देव त्यांना तो गोड. डोंगरावरच्या देवळात दगडी मडकं होतं आणि त्यातलं दही कधी सरत नसे. पहिल्या माणसाने त्यातून चमचाभर विरजण नेलं, त्याच्याकडून शेजाऱ्याने, शेजाऱ्याकडून पलीकडच्याने. असं करत घरोघर तेच दही लागू लागलं. धर्म म्हणून जो काही होता तो एवढाच: विरजण आपल्या माणसाकडे मागावं, आणि मागेल त्याला नाही म्हणू नये.

पण माणसं ती माणसंच! पुढे पुढे ती चमचा बुडवण्याआधी कूळ विचारू लागली, गाव विचारू लागली.

त्या राज्याच्या वेशीबाहेर राही एकटी राहत असे. तरुणपणी ती परमुलखातल्या एका मीठवाल्याशी लग्न करून गेली होती. तो वारला, तशी परत आली आणि वाडगा घेऊन धाकट्या भावाच्या दारी उभी राहिली. भाऊ विसाजी तोवर देवळाचा मुख्य पुजारी झाला होता. त्याने आतूनच सांगितलं, "जिचं विरजण एकदा तुटलं, ती आमची नाही." आणि दार लावून घेतलं. याच विसूला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं.

तेरा वर्षं झाली त्याला. आई वारली ते राहीला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही देवळातल्या बोलक्या भारद्वाज पक्ष्याकडून.

राही दुधात मिरचीची देठं टाकून दही लावी. दही चांगलं घट्ट लागे, पण खाताना तिला वाटे, हे कुणाचंच नाही. तरी रोज पहिला चमचा ती डोंगराकडे तोंड करून ठेवी. "ऐकतोस ना रे बाबा?" असं देवाला विचारी. उत्तर कुठलं यायला! मग ती म्हशीशी बोले. म्हैस निदान कान तरी हलवी.

एके दिवशी देवळात एक जोगीण आली आणि तिने विरजण मागितलं. विसाजीने कूळ विचारलं, गाव विचारलं आणि नाही म्हटलं. जोगिणीने काठी आपटली. देवळाचं दार मिटलं, आणि त्या दिवसापासून राज्यात दूध विरजेना. राहीच्या मिरचीच्या देठांनीही हात टेकले. त्या राज्यात बाळाच्या जिभेला दह्याचं बोट लावल्याशिवाय नाव ठेवत नसत. वर्षभरात पाळण्यापाळण्यातून बिननावाची बाळं रडू लागली.

भारद्वाज देवळाच्या उंबरठ्यावर बसला आणि राजाला म्हणाला, "जो या धर्माचा खरा, त्याच्यासाठी दार उघडेल. त्याने तीन गोष्टी कराव्या. देवाचा पाठ म्हणावा. सात दिवस उपास धरावा. आणि ज्याला विरजण नाकारलं, त्याच्या तोंडून 'हा माझा' असं वदवून घ्यावं."

पाठ सगळ्यांनी म्हटला, उपास सगळ्यांनी धरले. तिसऱ्या गोष्टीला मात्र सगळे अडले. नाकारलेली माणसं कधीच देशोधडीला लागली होती, आणि जोगीण त्या दिवसानंतर कुणाला दिसली नव्हती. उरली होती एकटी राही.

राजा विसाजीला म्हणाला, "जा."

विसाजी पालखीतून आला. "अक्का, राजाज्ञा आहे. मला तुझा म्हण."

"तू माझा," राही म्हणाली.

"खोटं!" छपरावरून भारद्वाज ओरडला.

"मी तरी काय करू?" राही म्हणाली. "जीभ बोलली, काळीज बोललं नाही."

दुसऱ्या दिवशी तो आईची नथ घेऊन आला. "देवळात पहिला मान तुझा. ही नथही तुझी."

नथ पाहून राहीचे डोळे भरले. "आई गेली तेव्हा निरोप का नाही रे धाडलास?"

विसाजी आल्या पावली मागे फिरला.

राहीने पक्ष्याला विचारलं, "मी तरी खरी आहे का रे या धर्माची? पाठ मला येतो. उपास तर पाचवीलाच पुजलेले."

"तू विरजण कुणाला नाकारलंस?"

"नाकारायला आधी कुणी मागायला तर यायला हवं!" राही म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.

तिसऱ्या दिवशी विसाजी पायी आला, हातात रिकामा वाडगा घेऊन. वेशीवर सारं गाव लोटलं होतं.

"अक्का, विरजण दे."

"माझ्याकडे मागतोस? लोक बघताहेत, विसू."

"बघू देत. तू दारात उभी होतीस तेव्हाही मला ठाऊक होतं, तू माझीच आहेस म्हणून. ठाऊक असून मी दार लावलं."

राहीच्या अंगाची लाही लाही झाली. चौदा वर्षं! नाही हा शब्द अगदी ओठावर आला होता, आणि ती म्हणाली असती तर मीसुद्धा तिला दोष दिला नसता. पण तिच्या दारी मागायला आलेला हा पहिलाच माणूस. ती आत गेली. घरात न विरजलेलं दूधच होतं. चमचाभर आणून तिने वाडग्यात घातलं.

"घे मेल्या. माझाच आहेस, आणखी कुणाचा असणार?"

भारद्वाज गप्प बसला. डोंगरावर दार उघडल्याचा आवाज झाला, आणि विसाजीच्या वाडग्यात, घरात राहीच्या भांड्यातही, दूध घट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या मडक्याकडे कुणी गेलंच नाही. बायका बाळं कडेवर घेऊन राहीच्या दारी आल्या. जोगीणही रांगेत होती. राहीने कुणाचं कूळ विचारलं नाही. दुपारपर्यंत बाळांना नावं मिळाली आणि राहीचं भांडं खरवडून रिकामं झालं. तिला स्वतःला विरजण उरलं नाही.

मग ती वाडगा घेऊन वेशीच्या आत गेली. पहिल्याच घरापाशी थबकली. मागायचं कसं तेच ती विसरून गेली होती.

"कोण आहे?" आतून बाईने विचारलं.

"मी... राही. विरजण हवं होतं थोडं."

"मग दारात काय उभी? ये की आत," बाई म्हणाली.